रिबेकामावशींचं ठाण्यातलं अनाथालय

‘डोळ्यांचं ऑपरेशन व्हायच्या आत मला ठाण्याचं अनाथालय बघायचंय. नेशील का रे?’ शेजारच्या रिबेकामावशींनी विचारलं आणि रविवारी मी गाडी काढली. डोंबिवलीहून निघणार असाल तर सकाळी लवकर निघा, शिळफाट्याला अडकलात की संपलं. गाडी तळ्याजवळ लावा, पुढच्या गल्ल्या चालायच्याच. वाटेत झणझणीत मिसळ खाल्ली. मावशींनी फक्त चहा घेतला.

मावशी बेने इस्रायली, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेल्या मराठी ज्यूंपैकी. आईवडील गेल्यावर त्या आणि धाकटी बहीण दीना समाजाच्या या अनाथालयात वाढल्या. पुढे कुटुंबं इस्रायलला गेली, मुलं कमी झाली आणि अनाथालय बंद पडलं. आता खाली बालवाडी आहे, वर शिवणवर्ग. इमारत दुमजली, कौलारू. दारावरची सहा टोकांची चांदणी निळ्या रंगाखाली अजून हाताला लागते. मावशींनी ती चाचपूनच ओळखली.

‘या ना आजी, सावकाश,’ म्हणत शिवणाच्या बाईंनी वर नेलं.

गॅलरीत मावशी थांबल्या. ‘इथे आम्ही दोघी एका चटईवर झोपायचो. दीनाला फोन लाव.’

मी इस्रायलला व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे पांढऱ्या केसांची दीना गॅलरी बघून रडायलाच लागली. ‘ताई, इथूनच आत्याने मला इस्रायलला नेलं गं!’

‘आत्या मला न्यायला आलेली,’ मावशी हळूच म्हणाल्या. ‘एकीलाच नेता येईल म्हणाली. मोठी म्हणून माझा हात धरला. मी तुझा हात तिच्या हातात दिला. तुला एकटीला झोपायची भीती वाटायची ना!’

आतल्या मशिनी थांबल्या होत्या.

‘आणि मला वाटायचं, तुला मी नकोशी झालेले,’ दीना म्हणाली. ‘तू दारापर्यंतसुद्धा आली नाहीस.’

‘जिन्यात बसलेले गं. पायच उचलेनात.’

मग दीना म्हणाली, ‘ताई, आता तू ये.’

परतताना मावशी गाडीत शांत झोपल्या. इमारत बघायला जरूर जा, शिवणवर्गाच्या बाया आपुलकीने दाखवतात. माझ्याजवळ मात्र इमारतीपेक्षा मशिनी थांबल्यानंतरची ती शांतताच राहिली आहे.

ऑपरेशन छान झालं. परवा मावशींना पासपोर्टच्या फोटोसाठी नेलेलं. फोटोवाला सारखा म्हणत होता, ‘आजी, हसू नका.’

त्यांना काही ते जमेना.