चिखल कुठवर होता

रणगाड्यावर चिखल कसा दाखवायचा, हे मला नानांनी शिकवलं, आणि तेव्हा त्यांना स्वतःला जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. नाना म्हणजे माझे वडील. फौजेत रणगाड्यावर ड्रायव्हर होते. पेन्शनीत निघाल्यावर नगरातच घर बांधलं. आई गेल्यावर त्या घरात आम्ही दोघंच उरलो. मी शाळेत चित्रकला शिकवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन नानांशी भांडायचे.

पंच्याण्णव साली त्यांच्या डोक्यात खूळ शिरलं. सागवानाचे तुकडे, तेलाच्या डब्याचा पत्रा आणि साखळीपट्ट्याच्या जागी सायकलच्या चेनी, एवढ्या सामानावर त्यांनी हातभर लांब रणगाडा केला. चाकं फिरायची, तोफ वळायची. रंगवायची वेळ आली तोवर शुगरनं डोळ्यांचा निकाल लावला होता. डॉक्टर म्हणाले, आहे ती नजरही दिवाळीपर्यंत टिकली तर टिकली. मग ब्रश माझ्या हातात आला.

मी आपली शहाणी! दोन महिने खपून असा हिरवा रंग चढवला की शोकेसमध्ये ठेवावा. नानांनी रणगाडा डोळ्यापाशी नेला, त्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाले, "ही काय रुखवतात मांडायची हाय का? अशी गाडी परेडला असती. लढाईत न्हाई."

माझं डोकंच फिरलं. "मग तुम्हीच रंगवा," म्हटलं आणि दोन दिवस बोललेच नाही. तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं जाऊन बसले, कारण म्हाताऱ्याचा हट्ट माझ्यापेक्षा मोठा आहे हे मला जन्मापासून माहीत होतं.

मग ते सांगायचे आणि मी करायचे. माणसं जिथून चढतात तिथला रंग आधी जातो, म्हणून तिथे पॉलिश पेपर मारायचा आणि वर शिसपेन्सिल घासायची. लोखंड उघडं पडल्यासारखं दिसतं. धूर सोडणाऱ्या नळीपाशी स्टोव्हची काजळी. गंजाला उकळून आटवलेलं चहाचं पाणी. मी मुलांना वर्षानुवर्षं सूर्योदय आणि झोपड्या शिकवत आले होते. एखादी वस्तू कुणाच्या किती वापरातली आहे हे रंगानं सांगता येतं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. मजा यायला लागली होती मला, खोटं कशाला बोलू.

माणसं आत उतरतात त्या तिन्ही झाकणांच्या कडा मी घासल्या. नानांचं बोट वरच्या डाव्या झाकणापाशी थांबलं.

"हे का घासलं? ह्याला परत रंग मार."

"का? हे काय वेगळं आहे?"

"तो अकराच दिस हुता आमच्या गाडीवर. अकरा दिसांत रंग जात न्हाई."

मी पेपर खाली ठेवला. लढाईबद्दल नाना कधी बोलायचे नाहीत. मी लहानपणी विचारून विचारून थकले होते. त्या दिवशी ते आपणहून बोलले. तो माणूस म्हणजे तोफेत गोळे भरणारा, नेवाशाच्या पलीकडच्या गावचा. आधीचा आजारी पडला म्हणून त्याच्या जागी आलेला. एकाहत्तरची लढाई चालू होती. पुढची जमीन वरून वाळलेली दिसली, म्हणून नानांनी गाडी घातली आणि ती डावीकडून रुतली. मागच्या गाडीचा दोर अडकवायला तो खाली उतरला आणि गोळा पडला.

"चोवीस वर्षं व्हत आली," नाना म्हणाले. "त्याच्या घरी गेलो न्हाई मी. त्याच्या मालकिणीला तोंड दाखवायची हिंमत झाली न्हाई. आता डोळे जायच्या आत एकदा जायचं हाय. नुसतं तोंडानं सांगायला जमायचं न्हाई मला. गाडी पुढ्यात असली म्हंजे बोट ठिवून सांगन, की बाई, इथवर रुतली हुती, आनि चालवत मी हुतो."

त्यानंतर मी भांडले नाही. म्हणजे कमी भांडले.

अंगणातली माती चहाच्या गाळणीनं गाळून पांढऱ्या गोंदात कालवली. नानांनी चिमटीत चोळली. "ही आपली काळी. तिकडची फिकी हुती, पिठासारखी." मग पिवडी घातली, चुलीतली राख घातली, ढेकळांसाठी भुसा घातला. नाना दर वेळी चोळून बघायचे आणि मान हलवायचे. आठव्या का नवव्या खेपेला त्यांची बोटं थबकली आणि ते उठून आत निघून गेले. त्यावरून मी समजले, जमलं.

जुन्या दात घासायच्या ब्रशनं शिंतोडे उडवले. चाकांच्या मधे लगदा भरला. ओला दिसायला हवा तिथे व्हार्निश दिलं. "अजून वर," नाना म्हणायचे. "डावीकडं अजून वर." माझा दोन महिन्यांचा हिरवा रंग एका बाजूनं सगळा गडप झाला. शेवटी त्यांनी बोटाच्या पेरानं मोजलं आणि म्हणाले, "बास. इथवर." ते मापही त्यांना पाठ होतं. मला रडू आलं आणि मी ते नाक शिंकरून लपवलं.

पत्ता मिळाला तसं मी कार्ड टाकलं, आणि दसऱ्याच्या आधी आम्ही निघालो. नेवाशापर्यंत एसटी, पुढे टेम्पो. रणगाडा टॉवेलात गुंडाळून नानांनी मांडीवर धरला होता. तोवर त्यांना फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं.

बाई पन्नाशीच्या, शेतात राबलेल्या. पत्र्याचं दोन खोल्यांचं घर, पण इतकं लख्ख की चप्पल दारापासून चार हात लांब काढावीशी वाटावी. कार्ड वाचून घेतलं होतं त्यांनी. आम्हाला बसवलं, पाणी दिलं.

"वहिनी," नाना म्हणाले, "ही तुमच्या मालकांची गाडी. म्हंजे तशीच केलेली."

बाईंनी रणगाडा दोन्ही हातांनी घेतला. बराच वेळ बघितला. मग आत गेल्या आणि ओलं फडकं घेऊन आल्या. गाडी मांडीवर घेऊन बसल्या आणि पुसायला लागल्या.

"वाटंत लई माती बसली की हिच्यावर," म्हणाल्या.

गोंदातली माती, पाणी लागल्यावर टिकतेय कशाला? डाव्या बाजूचे लगदे फडक्यात उतरत होते. हात धरावा, ओरडावं, असं वाटलं. पण त्या इतक्या जपून पुसत होत्या, एकेक चाक, एकेक कोपरा.

नानांनी कान टवकारले. "काय करत्यात?"

"पुसतायत, नाना."

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. मला वाटलं, झालं, आता हे गप्प बसणार आणि चहा पिऊन आम्ही परत जाणार. पण ते म्हणाले, "वहिनी, ती वाटंतली माती न्हाई." आणि हात पुढे केला. बाईंनी गाडी त्यांच्या पुढ्यात ठेवली. नाना बोटानं जागा शोधायला लागले. "इथवर रुतली हुती," म्हणाले, पण तिथे नुसता ओला गुळगुळीत रंग होता आणि त्यांचं बोट सारखं घसरत होतं. "इथवर... डावीकडनं... चालवत मी हुतो, वहिनी."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "गाडी रुतल्याचं सरकारी पत्रात हुतं," त्या म्हणाल्या. "चालवत कोन हुतं ते न्हवतं."

"मी हुतो."

"मंग तुमी का न्हाई उतरला?"

"ड्रायव्हरला जागा सोडता येत न्हाई. इंजिन चालू ठिवावं लागतं. तसा हुकूमच असतो."

उत्तर चोख होतं. बाईंनी मान हलवली. मला वाटलं, सुटलो.

"मंग त्यास्नी उतरा म्हनून कुनी सांगितलं?"

नानांनी गाडीवरचं बोट काढून घेतलं.

"मी," नाना म्हणाले. "दुसरा एक उतरायचा हुता. मी ह्याला म्हनालो, तू जा. दुसरा कुरकुर करायचा. ह्यो कधी न्हाई म्हनायचा न्हाई."

हे त्यांनी मलाही सांगितलं नव्हतं.

"व्हय," बाई म्हणाल्या. "न्हाई म्हनायचे न्हाईत ते. कुनालाच."

त्या उठल्या, दारात जाऊन फडकं पिळलं, परत येऊन रणगाडा मांडीवर घेतला आणि उरलेली बाजू पुसायला लागल्या. नाना हात जोडून बसले होते. बाईंनी वर बघितलं नाही, आणि नानांनी हात जोडलेत हे त्यांना सांगायचं मला काही सुचलं नाही.