पिवळ्या मुठीचा चाकू

नवख्याच्या कमरेला चाकू दिसला की मामा हात पुढे करायचे. "बघू." चाकू घ्यायचे, धारेवरून अंगठा आडवा फिरवायचे, मुठीकडे एकदा बघायचे आणि परत द्यायचे. "छान आहे. सफरचंद कापायला."

पाठीवर करवतीचे दात, काळं पातं, मुठीच्या बुडाला होकायंत्र, असे चाकू तुम्हीही मोबाइलवर पाहिले असतील. असा एक चाकू मिरवणाऱ्या तरुणाला मामांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "चाकूत होकायंत्र कशाला रे? वाट चुकलास तर कापणार कोणाला?"

मामा डोंगरातल्या बचाव पथकात होते. त्र्यंबकेश्वरच्या बाजूला कोणी कड्यावर अडकलं, दरीत घसरलं की पथकाला फोन यायचा आणि पथकाचा मामांना. सातपूरच्या एका कारखान्यातून ते फिटर म्हणून निवृत्त झाले होते आणि नाशिक रोडला राहत होते. मी वार्ताहर म्हणून पथकामागे आठ वर्षं डोंगर चढलो. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही म्हणायचो. ते मला "पत्रकार" म्हणायचे.

त्यांचा स्वतःचा चाकू त्यांनीच केला होता. जुन्या जीपच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा, चार इंचांचं पातं. पोलाद एकसंध, मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं. घडीच्या चाकूवर त्यांचा विश्वास नव्हता. "बिजागरी दाराला असावी," ते म्हणायचे, "ओल्या हातात नको." मूठ बाभळीची, तिला भडक पिवळा रंग. गवतात पडला तर सापडला पाहिजे.

आणि त्या चाकूला टोक नव्हतं. ते मामांनी घासून गोल केलं होतं. जखमी माणसाच्या अंगाला लागून दोर कापावा लागतो, रक्ताने चिकटलेली पँट फाडावी लागते. घाईत टोक आत जाऊ शकतं. "भोसकायचं कोणाला आहे? आपल्याला सोडवायचंय." त्याच चाकूने ते बांबू फोडून झोळीचे दांडे करायचे, आणि काम नसलेल्या रविवारी गडावर भेळेसाठी कांदा कापायचे. कांद्याला चाकू कळतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ठेचला गेला तर धार गेली.

गेल्या वर्षी शहरात कोयता घेऊन दहशत माजवण्याचे प्रकार लागोपाठ झाले. मनाई आदेश निघाला, नाक्यानाक्यावर तपासणी सुरू झाली. एका दुपारी कार्यालयात नेहमीप्रमाणे पोलिसांचं प्रसिद्धिपत्रक आलं. त्यात एका नाक्यावर बासष्ट वर्षांच्या इसमाकडे धारदार शस्त्र सापडल्याचं लिहिलं होतं. खाली नाव होतं. मी चार ओळींची बातमी केली. मथळ्यात "धारदार शस्त्र" बसेना, म्हणून "कोयता" केलं. पान लावणाऱ्याने संग्रहातला फोटो टाकला. टेबलावर मांडलेले सहा कोयते आणि दोन तलवारी.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मामा कार्यालयात आले. हातात कात्रण होतं.

"पत्रकार, हे कोणी लिहिलं?"

मी नाव वाचलं. आठ वर्षांत मी त्यांचं नाव विचारलं नव्हतं.

"मी."

ते बसले नाहीत. "मी त्या साहेबांना म्हटलं, याला टोकच नाही. ते म्हणाले, काका, धार तर आहे ना? ठीक. त्यांना आदेश आहे, कोर्टात सांगेन. पण तुम्ही? तुम्ही या चाकूने कापलेला कांदा खाल्लाय. डोंगरात कोयता घेऊन जाईन का मी? ऊस आहे का तिथे?"

"मामा, नाव माझ्या लक्षात..."

"नावाचं सोडा. जे पाहिलं नाही ते लिहिलं कसं?"

पत्रकातला शब्द बदलायचा अधिकार मला कोणी दिला नव्हता. एक फोन केला असता तर हत्यार कोणतं, किती लांबीचं, हे कळलं असतं. तो मी केला नाही.

खुलासा छापावा म्हणून मी संपादकांकडे गेलो. "गुन्हा दाखल आहे ना? मग कसला खुलासा?" ते म्हणाले. मी दोनदा लिहून दिला. दोन्ही वेळा तो जागेअभावी राहिला. त्याच आठवड्यात एका मंगल कार्यालयाच्या उद्घाटनाला आम्ही अर्धं पान दिलं.

कात्रण पथकाच्या ग्रुपवर फिरलं. सचिव मामांच्या घरी गेले. "मामा, केस निकाली निघेपर्यंत थांबा. पथकाचं नाव खराब होतं." मामांनी एवढंच विचारलं, "चाकू कोण घेणार?" सचिवांनी ते आधीच ठरवलं होतं. यापुढे पथकात कोणीच चाकू बाळगायचा नाही. कटकट नको.

पावसाळा संपता संपता एका हौशी कंपनीने माणसं कड्यावरून दोराने उतरवायला आणली. एका मुलीचा उजवा पाय गुडघ्याखाली सुटलेल्या दोरात गुंडाळला गेला आणि ती अर्ध्या कड्यावर लटकली. पथक पोहोचलं. तिचं वजन दुसऱ्या दोरावर घेतलं. आता अडकलेला दोर फक्त कापायचा होता. प्रथमोपचाराच्या डब्यात पट्ट्या कापायची कात्री होती. त्या कात्रीने एकेक धागा तोडत दोर कापायला पन्नास मिनिटं लागली. मुलगी ओरडत होती, मग ओरडायची थांबली. मी खालून घड्याळ बघत होतो.

पाय वाचला. नस दबल्यामुळे पाऊल उचलता येत नाही.

बातमीत मी लिहिलं, "दोर कापण्यास विलंब झाला." का झाला ते मला माहीत होतं. वाक्य बरोबर होतं, आणि निर्लज्ज होतं.

सकाळी मामांचा फोन आला.

"वजन दुसऱ्या दोरावर घेतलं होतं ना?"

"हो."

"कशाने कापला?"

मी सांगितलं.

"चार सेकंदांचं काम होतं, पत्रकार."

"मामा, पथकाने बोलावलं तर याल?"

"मी नाही कधी म्हटलं?"

मी सचिवांना फोन केला. ते म्हणाले, पुढच्या बैठकीत विषय घेऊ. केस अजून तारखांवर चालू आहे. चाकू पोलिसांच्या मुद्देमालात आहे. त्यानंतर पथक तीनदा डोंगरात गेलं. तिन्ही बातम्या मी लिहिल्या. तिन्ही वेळा मामा घरी होते, आणि त्यांचा फोन चालू होता.