आक्कांचं थाझिन

"हे मेलंय, आक्का," मी हळूच म्हणालो. "चला पुढं."

आक्का हलल्या नाहीत.

पुण्याच्या फुलांच्या शोमध्ये कलकत्त्याच्या एका व्यापाऱ्याने मांडव टाकला होता. पुढच्या बाजूला ऐटीत मांडलेले पाम, लालभडक अँथुरियम, हातभर पानांचे क्रोटन. आणि मागे, कोपऱ्यात, खिळ्याला टांगलेला लाकडाचा एक तुकडा. त्यावर काथ्याने बांधलेल्या पिवळट गाठी, वाळत चाललेल्या आल्यासारख्या. पान म्हणून एक नाही. झाडांत जन्म घालवलेल्या माझ्यासारख्यालाही ते उचलून चुलीत घालावंसं वाटलं असतं.

"थाझिन," आक्का म्हणाल्या.

व्यापाऱ्याने चमकून मान वर केली. बाईंना हे नाव कसं ठाऊक, असं त्याने मला हिंदीत विचारलं. मला तरी कुठे ठाऊक होतं? एखादी वाट चुकलेली बहीण गर्दीत दिसावी तशा आक्का त्या लाकडाकडे बघत होत्या.

आक्का म्हणजे माझ्या मालकांची थोरली बहीण. मालकांना सगळे भाऊसाहेब म्हणत. खोपोलीला विजेच्या कारखान्याचं काम निघालं तेव्हा लाकूड पुरवून त्यांनी पैसा केला आणि कर्जतजवळ, दहिवलीला, नदीकाठी बंगला बांधला. तिथल्या बागेचा मी सुपरिंटेंडेंट. पदवी मोठी, हाताखाली माणूस एकच, धोंडू. बंगल्यावर साहेबलोक यायचे, त्यांच्या डोळ्यांत भरतील अशी परदेशी झाडं पोर्चमध्ये हवीत म्हणून भाऊसाहेबांनी मला शोला पाठवलं होतं. आक्का रंगूनला दिल्या होत्या. यजमान तिथे एका लाकडाच्या कंपनीत होते, तिथेच तापाने गेले. भाऊसाहेब जाऊन बहिणीला घेऊन आले. तेव्हापासून आक्का स्वयंपाकघर सांभाळत होत्या आणि कुणाकडे कधी काही मागत नव्हत्या. शोचं कानावर आलं तेव्हा मात्र "मी येऊ का रे?" असं त्यांनी भावाला विचारलं. पुण्यात चुलत बहीण होती, उतरायची सोय होती. भाऊसाहेबांना नाही म्हणता आलं नाही.

तर पाम घेतले, क्रोटन घेतले आणि ते लाकूडही घेतलं. बाकीची झाडं आगगाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये, सामानाच्या डब्यात गेली. लाकूड ओल्या गोणपाटात गुंडाळून आक्कांनी मांडीवर घेतलं. घाट उतरताना गाडीला हिसके बसत होते आणि त्या दोन्ही हातांनी ते सावरत होत्या.

खंडाळा मागे पडल्यावर त्या आपणहून बोलल्या. "तिकडं थंडीत संध्याकाळी रस्त्यावर विकायला यायचं. पांढरी, बारीक फुलं. आमचे हे कचेरीतून येताना आणायचे आणि स्वतःच केसांत खोचायचे. खोचताना म्हणायचे, हलू नकोस, पडेल."

नवरा गेलेल्या बाईने फूल माळायचं नाही, हे तेव्हा कुणाला सांगावं लागत नसे. माझ्या मनातलं ओळखून त्या म्हणाल्या, "तसं काही नाही हो नाना. नुसता वास घ्यायचाय. एकदा."

बंगल्यावर सामान उतरलं. भाऊसाहेबांनी पाम पाहिले, खूश झाले. लाकूड पाहिलं आणि म्हणाले, "हे काय, सुरण आणलंत?" मी सांगितलं, ऑर्किड आहे, ब्रह्मदेशातलं, आक्कांना हवं होतं. त्यांनी लाकूड हातात घेऊन फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "ठीक आहे. फुललं की देवाला वाहा." त्या घरचा रिवाजच तसा होता. बागेतलं पहिलं फूल देवाचं. पहाटे धोंडू परडी भरून देवघराच्या उंबऱ्याशी ठेवायचा, भाऊसाहेब स्वतः पूजा करायचे आणि पूजा झाली की घरातल्या प्रत्येकाला तीर्थ आणि देवाच्या अंगावरचं एक फूल द्यायचे. माझ्यासकट. आक्का आपलं फूल डोळ्यांना लावायच्या आणि तुळशीत नेऊन ठेवायच्या.

आता ऑर्किड म्हणजे काय ते सांगतो. ही झाडाच्या अंगाखांद्यावर राहणारी जात. बांडगुळासारखी ती झाडाचा रस पीत नाही, नुसती बसायला जागा मागते. आपल्या रानात आमरी असते ना, त्यातलीच. मी ते लाकूड विहिरीजवळच्या आंब्याला टांगलं. पावसाळा लागला आणि गाठींना कोवळी पानं फुटली. आक्का रोज दुपारी येऊन बघून जायच्या.

खरी गंमत दिवाळीनंतर. पानं पिवळी पडायला लागली. या जातीचं असंच असतं. थंडीत तिला रेस्ट लागते. म्हणजे पाणी बंद. पानं गळू द्यायची, गाठी सुकू द्यायच्या, तेव्हा कुठे फुलाचा दांडा येतो. पाणी घालत राहिलात तर पानं हिरवी राहतात आणि फूल येत नाही. पुस्तकात मी हे वाचलं होतं, म्हणून धोंडूला ताकीद दिली, त्याला थेंब घालायचा नाही.

पण धोंडूच्या हाताखाली झाड सुकलं असं आख्ख्या दहिवलीत कुणी म्हटलं नव्हतं. आमच्याकडे पाऊस गेला की माणसं झाडाला पाणी घालायला कुणी सांगायची वाट बघत बसत नाहीत, जाता येता तांब्याभर ओततातच. माघ संपला तरी पानं गळेनात, तेव्हा मला शंका आली. धोंडूला विचारलं. तो आधी आंब्याकडे बघत राहिला.

"नाना, आक्का रोज येऊन उभ्या ऱ्हातात तितं," तो म्हणाला. "त्यांच्या म्होरं ते तान्हेलं कसं ठेवू? माज्यानं नाय झालं."

मी पार वैतागलो. वर्ष फुकट गेलं एवढं खरं. आक्कांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्याला रागावू नका. तांब्या मीच भरून द्यायची."

घ्या! म्हणजे दोघं मिळून. मी कपाळाला हात लावला. आक्का हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग म्हणाल्या, "पुढच्या साली नाही देणार. आता वाट बघायची सवय आहे मला." हे ऐकून मला फार वाईट वाटलं. तेवढ्या एका वासासाठी बाईला अजून एक पावसाळा काढायचा होता.

पुढच्या थंडीत मी लाकूड विहिरीपासून हलवलं आणि माझ्या खोलीच्या ओसरीला टांगलं, दोघांच्या हातापासून लांब. पानं गळली. गाठी सुरकुतल्या. आक्का यायच्या, लांबूनच बघायच्या, हात मागे बांधून. मार्गशीर्षात एका गाठीच्या बुडाशी हिरवा ठिपका दिसला. त्याचा दांडा झाला, दांडा वाकला, त्यावर बारीक कळ्यांची रांग धरली. मी आक्कांना म्हणालो, उद्या-परवा. त्या रात्री त्यांना झोप लागली असेल असं मला वाटत नाही. मला तरी लागली नाही, म्हणून पहाटे डोळा लागला तो उन्हं आल्यावरच उघडला.

उठून बाहेर आलो तर दांडा नाही.

वास मात्र होता. गोड, थंड, ओसरीभर. मी तसाच धावलो. धोंडू झाडांना आळी करत होता. त्याला विचारलं, फुलं कुठं गेली? त्याचा चेहरा आनंदाने फुललेला.

"फुलली की रं देवा, सगळीच्या सगळी! परडीत घातली. पयलं फूल देवाचं, नाय का?"

चूक कुणाची म्हणणार? रिवाजाप्रमाणेच केलं होतं त्याने.

देवघराशी पोचलो तर आक्का दारात उभ्या. ओसरीवर जाऊन आल्या होत्या बहुतेक, चेहरा उतरलेला. आत पूजा संपत आली होती. बाळकृष्णाच्या डोक्यावर ती पांढरी झुबकेदार दांडी आणि सगळं देवघर त्या वासाने भरलेलं. आक्का उंबऱ्याबाहेरूनच श्वास घेत होत्या. डोळे मिटलेले. मला वाटलं, चला, वास तरी मिळाला. एवढंच तर मागितलं होतं.

आरती झाली. भाऊसाहेब तीर्थ द्यायला वळले आणि त्यांनी बहिणीचा चेहरा पाहिला. मग देवाकडे पाहिलं. हे गृहस्थ फार करडे, रिवाजाला पक्के. त्यांनी मला तीर्थ दिलं, एक झेंडू दिला. मग बाळकृष्णाच्या डोक्यावरची दांडी अलगद काढली आणि अख्खी आक्कांच्या ओंजळीत ठेवली.

आक्कांनी ती डोळ्यांना लावली आणि सवयीने तुळशीकडे निघाल्या.

"आक्का," भाऊसाहेब म्हणाले. "प्रसाद आहे. खाली ठेवू नये."

आक्का थांबल्या. भावाकडे बघत राहिल्या. भाऊसाहेब पाठ फिरवून निरांजन विझवायला लागले, जे खरं तर आपण कधी विझवत नाही. आक्का आतल्या खोलीत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा पदर नेहमीसारखा डोक्यावरून घेतलेला, हात रिकामे.

त्या दिवशी स्वयंपाकघर, माजघर, पडवी, जिथे जिथे आक्का गेल्या तिथे तिथे तो वास होता. घरात सगळ्यांना नाक होतं. कुणी काही बोललं नाही. आक्का मात्र दिवसभर मान ताठ धरून चालत होत्या, हलली तर पडेल अशी.

संध्याकाळी मी धोंडूला बोलावलं. तो बिचारा बोलणी खायची तयारी करूनच आला होता. त्याला सांगितलं, या झाडाला थंडीत पाणी घालायचं नाही. आणि फुललं की दांडा आठवणीने परडीत घालायचा.