ओयुनाचे बूझ आणि माझ्या कळ्या

मोदकांच्या बाबतीत अख्ख्या ॲन आर्बरमध्ये माझा हात धरणारं कोणी नाही, असं मी स्वतःच ठरवून टाकलं होतं. मंडळाच्या गणपतीत लोक माझे मोदक आधी उचलत. ते आकाराने मोठे असतात म्हणून, असं रवींद्र म्हणायचा; पण नवऱ्याचं कोण मनावर घेतं!

समोरच्या दारातली ओयुना एकदा माझं मोदकपात्र मागायला आली आणि ते तिच्याकडेच राहिलं. ओयुना मंगोलियातल्या उलानबातरची. इथे एका लाँड्रीत कपडे अल्टर करायची. नवरा ट्रक चालवायचा, त्यामुळे सदा बाहेर. माझ्या मोदकपात्रात ती बूझ उकडायची. बूझ म्हणजे मोदकाचे चुलतभाऊच, फक्त कणकेचे आणि आत मटण. आजोबांच्या तंबूतलं सगळं खाणंपिणं तिने एका बेडरूमच्या घरात बसवलं होतं. दह्याच्या वड्या हीटरवर वाळायच्या, मीठ घातलेला दुधाचा चहा मायक्रोवेव्हमध्ये व्हायचा. कच्चे बूझ बाल्कनीत ठेवले की मिशिगनची थंडी ते फुकटात गोठवून द्यायची.

२००७च्या फेब्रुवारीत, त्यांच्या नव्या वर्षाला, तिची आई पहिल्यांदाच येणार होती. तरी ओयुनाचा चेहरा उतरलेला.

"आई दर फोनला विचारते, बूझ कोणाबरोबर केलेस? आमच्याकडे ते एकटीने कोणी करत नाही. सगळं घर गोल बसतं. मी सांगते, खूप जणी असतो. खरं तर मी ओट्याशी एकटीच उभी असते. आईला हे कळलं ना, तर परत गेल्यावर तिला एक घास गोड लागणार नाही."

"एवढंच ना? मी आहे की!" मी म्हटलं. माझे हात शिवशिवतच होते.

सणाच्या सकाळी आम्ही दोघी बसलो. ओयुनाने पारी लाटली, सारण भरलं, सुरेख कळ्या पाडल्या आणि वर तोंड उघडंच सोडलं. मला तिची कीव आली. बिचारीला शेवट साधत नव्हता! पण मी सुसंस्कृत बाई, काही बोलले नाही. तेवढ्यात विमान लवकर उतरत असल्याचं कळलं. "उरलेले तू कर, आणि आम्ही पोचायच्या सुमाराला उकडायला ठेव," म्हणत ती एअरपोर्टकडे पळाली. मग काय, मला रानच मोकळं मिळालं. मी एकेका बूझचं तोंड मिटून त्याला असं टोकदार नाक काढलं, की प्रत्यक्ष गणपतीही फसला असता.

तिची आई आली. ठेंगणीशी, निळ्या रेशमी झग्यातली. ओयुनाने झाकण काढलं आणि ती पांढरीफटक पडली.

"शोभना, यांची तोंडं का बंद केलीस? वाफेसाठी ती मुद्दाम उघडी ठेवतात!"

"मला वाटलं, तुला मिटता येत नाहीत," मी म्हणाले. हे मनात ठेवता आलं असतं. वेळ सावरायला मी माझा एक बूझ उचलला आणि मोदकासारखा कचकन चावला. आत कोंडलेला गरम रस्सा जो उडाला, तो थेट त्या निळ्या रेशमावर. धरणी दुभंगेल तर बरं, असं मला झालं.

पण आईचं कपड्यांकडे लक्षच नव्हतं. तिने माझा एक बूझ नाकाला धरून उचलला, ओयुनाच्या बूझशेजारी ठेवला आणि लेकीला काहीतरी विचारलं. ओयुनाने माझ्याकडे बोट दाखवलं. तशी म्हातारीने माझे तेलकट हात आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि बराच वेळ बोलत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मलाही भरून आलं.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

ओयुना हसत होती आणि रडतही होती. "म्हणते, मला वाटायचं लेक खोटं सांगते. पण इतके वाईट बूझ माझ्या मुलीच्या हातून होणं शक्य नाही. म्हणजे तिच्याबरोबर खरंच कोणीतरी बसतं."

घरी येऊन रवींद्रला मी एवढंच सांगितलं, की माझ्या कळ्या बघून ओयुनाच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं.