बिनछताची मोटार

शहाद्याच्या पेट्रोल पंपामागे पळस फुललाय. आज तिथे उभी असताना पेट्रोलचा वास आला आणि कळसाडीत आलेली ती बिनछताची लाल मोटार आठवली. महाराष्ट्र राज्य व्हायच्या आधीची गोष्ट. मी परकरात होते.

मोटारीतला परका माणूस इंजिनासाठी पाणी मागायला आमच्या दारी थांबला. म्हणाला, "शहाद्यात चार दिवस मुक्काम आहे. पळस बघत हिंडतोय."

माझ्या वडिलांना, बापांना, ते पटेना. हा मोजणीवाला, आपल्या जमिनीवर याचा डोळा, अशी त्यांची खात्री. "फुलं देखाले कोनी पेट्रोल जाळस का?" असं आईला पुटपुटून ते पाळत ठेवायला मोटारीत त्याच्याच शेजारी जाऊन बसले.

संध्याकाळी मोटार परतली. घराबाहेर कधी फेटा न उतरवणारे बापा बोडक्याने बसले होते. केस वाऱ्याने उभे, फेटा मांडीवर आणि त्यात पळसाची फुलं. आई दिसताच त्यांनी चेहरा कडक केला. मला तेव्हा तो खराच वाटला.

"मानूस लबाड शे," ते म्हणाले. "काही खरं सांगत नही. सकाय परत जाईसन देखनं पडी."