क उजव्या हाताला गेला तेव्हा

टायपिंगच्या बाबतीत मी गर्विष्ठ आहे आणि ते लपवायचं मला काही कारण दिसत नाही. बीडच्या कोर्टाबाहेर टेबल टाकून बारा वर्षं मी प्रतिज्ञापत्रं टाईप केली, तीही कीबोर्डकडे न बघता. हे मला शिकवलं शेजारच्या टेबलावरच्या काकांनी. पूर्वी ते टायपिंगचा क्लास चालवायचे आणि मी त्यांची विद्यार्थिनी. टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, तरी आमची बोटं टाइपरायटरच्या जुन्या रेमिंग्टन मांडणीच्याच जागांवर पडत राहिली.

मग लिपिकाची भरती निघाली. लेखी परीक्षा मी पास झाले. पुढची चाचणी टायपिंगची, मिनिटाला तीस शब्द, आणि कीबोर्ड मात्र इन्स्क्रिप्टच हवा, म्हणजे अक्षरांची सगळी मांडणीच वेगळी. वयाची अट पाहता ही माझी शेवटची संधी होती. हातात दोन महिने. काका म्हणाले, "पस्तिशीनंतर बोटं बदलत न्हाईत. कावून जिवाला घोर लावून घेती?" मला राग आला. रागात मी कामं चांगली करते.

इन्स्क्रिप्टमध्ये बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला आणि काना, मात्रा, वेलांटी डाव्या हाताला. माझा क इतकी वर्षं डाव्या मधल्या बोटाखाली होता, तो उठून उजव्या मधल्या बोटाखाली गेला. पहिल्या दिवशी मला स्वतःचं नावसुद्धा धड टाईप करता येईना.

बीडजवळच्या लिंबागणेशला घरी सकाळी स्वयंपाक उरकला की एसटीच्या वेळेपर्यंत तासभर मिळायचा. त्या तासात मी शिकवणारी तीन सॉफ्टवेअर पारखली. पहिलं रंगीत. पडद्यावर कीबोर्डचं चित्र, आणि दाबायचं बटण पिवळं व्हायचं. फार सोपं वाटलं. पण चित्र झाकलं की माझे हात थिजायचे, कारण शिकत डोळे होते, बोटं नव्हती. ते मी चौथ्या दिवशी काढून टाकलं. दुसरं खाष्ट. चुकीचं बटण दाबलं की टुंग वाजायचं आणि बरोबर अक्षर येईपर्यंत ते पुढे सरकायचंच नाही. त्या टुंगची इतकी धास्ती बसली की मी प्रत्येक अक्षराआधी थांबायला लागले. तिसरं मात्र मला आवडलं. सरळ उतारा द्यायचं, खोडायची सोय नाही, आणि शेवटी वेग सांगायचं. महिनाभरात त्याने मला चौतीस दाखवले. मी कोर्टात येऊन सगळ्यांना ऐकवलं.

काकांनी वाद घातला नाही. गठ्ठ्यातून एक जुनं वाटणीपत्र काढून माझ्यासमोर ठेवलं आणि घड्याळ लावलं. सोळा. मीच पुन्हा लावलं. पंधरा.

तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात आली. त्या सॉफ्टवेअरमध्ये उतारे मोजके होते आणि तेच ते फिरून यायचे. महिनाभरात ते मला तोंडपाठ झाले होते. 'पर्यावरण' वाचायच्या आत बोटं 'संवर्धन'कडे निघालेली असायची. मी उतारे शिकले होते, कीबोर्ड नव्हे. बारा वर्षं काम करणाऱ्या बाईला हे कळू नये याची मला मनापासून लाज वाटली.

त्याच दुपारी मी कामाच्या कॉम्प्युटरवरून रेमिंग्टन काढून टाकलं. पहिलं गिऱ्हाईक ऊसतोडीला निघालेलं जोडपं होतं. मुलीला वसतिगृहात ठेवायचं होतं आणि दाखल्यावरच्या नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. टेम्पो रस्त्यावर उभा. एरवी दहा मिनिटांचं काम, मला पाऊण तास लागला. ती बाई न रागावता म्हणाली, "ताई, नव्यानं शिकायल्या का?"

मी हो म्हणाले. काय करणार, खरंच होतं ते.

पुढचा महिनाभर दिवसा खरे कागद आणि सकाळी ते खाष्ट सॉफ्टवेअर, तेही आदल्या दिवशी चुकलेल्या अक्षरांपुरतं. असं वापरलं तर त्याच्यासारखा मास्तर नाही, हे माझं आजही ठाम मत आहे. तिसरं फक्त वेग मोजायला ठीक, तेही उतारे आपले घालून. ते उतारे काकाच द्यायचे, जुने आणि किचकट. एकदा त्यांच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं म्हणून त्यांच्या कॉम्प्युटरवर मी त्यांचा अर्ज टाईप करायला बसले. तिथे रेमिंग्टनच होतं. पहिली ओळ नुसती खिचडी झाली, बोटं आता इन्स्क्रिप्टच्याच जागा शोधत होती. मी हात मागे घेतले. काकांनी डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं आणि अर्ज स्वतःकडे ओढून घेतला.

चाचणीच्या हॉलमध्ये कीबोर्डवर मराठी अक्षरंच नव्हती. आजूबाजूच्या पोरी घाबरल्या. मला फरक पडला नाही. वेळ संपायच्या आधी माझा उतारा पूर्ण झाला होता.

निकाल मोबाईलवर आला तेव्हा मी टेबलावरच होते. मोबाईल काकांपुढे धरला. त्यांनी यादीतला माझा नंबर दोनदा वाचला.

"मी शिकवलेलं सगळं इसरलीस, तवा पास झालीस," ते म्हणाले. "लई बरं केलंस."

ज्यांनी माझी बोटं बसवली, त्यांच्या शेजारी बसूनच मी ती उठवली होती, आणि त्यासाठी लागणारे कागद रोज त्यांनीच काढून दिले होते.