टेकाडापलीकडचा आवाज

फाट्यापासून निघाल्यावर नाल्याचा पूल येईपर्यंत तुळसाबाई भराभरा पुढंच चालत राहिली. सोबतीला आलेल्या गावातल्या वैजयंतीनं दोनदा पाण्याची बाटली पुढं केली, दोनदा तिनं मान हलवून नको म्हटलं. सकाळी वाशीमला जाताना दिलावरनं दोघींना ऑटोत बसवून नेलं होतं, मौसी मौसी करत चहा पाजला होता. परत येताना त्यानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. मग एसटी, आणि केनवडच्या फाट्यापासून शेतापर्यंत पायपीट.

"लय रागावला तो," पुलाच्या कठड्यावर टेकत तुळसाबाई म्हणाली.

"रागावणारच ना माय. त्याचीच साक्षीदार, आन त्याच्याच पायावर धोंडा."

"मंग काय देवाची शपथ घेऊन खोटं बोलू?"

देवाचं नाव ऐकताच वैजयंतीनं हात जोडून कपाळाला लावले.

दिलावरचं वेल्डिंगचं दुकान. रानडुकरं हाकलायला तो पाइपाच्या बंदुका बनवून विकायचा. आत कार्बाइडचा खडा आणि पाणी, मागं लायटर, दाबला की धडाम. शेतात ठीक होतं. पण दिवाळीत त्यानं त्याच बंदुका तालुक्याच्या बाजारात फटाक्यांशेजारी मांडल्या आणि लेकरांनी उचलल्या. वाजली नाही म्हणून आत डोकावलेल्या लेकरांचे डोळे भाजले. नगरपंचायतीनं लेकरांना धरलं नाही, त्यांच्या बापांनाही नाही. सरळ बनवणाऱ्यावर वाशीमच्या प्रांतसाहेबांकडं अर्ज टाकला, की हा अख्ख्या गावाला उपद्रव आहे, ह्या बंदुका बनवणं-विकणं बंद करा. पोलिसांनी खेड्याखेड्यांतून होत्या तेवढ्या गोळा करून नेल्या. त्यात तुळसाबाईचीही गेली.

दिलावरचं म्हणणं, मी शेतासाठी बनवली, कोणी कुठं वाजवली त्याला मी काय करू. हे सांगायला त्याला शेतकरी पाहिजे होते. ज्यांनी बंदुका विकत नेल्या त्या सगळ्यांना ऐन वेळी कामं निघाली. आली ती एकटी तुळसाबाई. खटला जिंकलो तर तुझी बंदूक तुला परत, असं दिलावरनं तिला सांगितलं होतं.

कचेरीत समोरच्या बाकावर एक बाई लेकीला घेऊन बसली होती. पोरीच्या एका डोळ्यावर हिरवं फडकं. तुळसाबाईनं पिशवीतला बिस्किटाचा पुडा काढून तिच्या हातात दिला, आणि मग नाव पुकारेपर्यंत खालीच पाहत राहिली.

नगरपंचायतीच्या वकिलानं साधंच विचारलं होतं, डुकरं रोज येतात का? येत होते, ती म्हणाली, पोरानं कुंपणाच्या तारेत करंट सोडणारी झटका मशीन बसवली तवापासून नाही येत. मग बंदूक रोज कशाला वाजवायचात, आजी? तुळसाबाईनं पदर सारखा केला.

"तिकून आवाज येते म्हणून."

लोक हसले. दिलावरनं कपाळावर हात मारला. साहेबांनी विचारलं, तिकडून कोण वाजवतं? तिनं नाव सांगितलं नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. थोड्याच वेळात हुकूम झाला, बंदी कायम, माल सील.

वैजयंतीला मात्र हसू आलं नव्हतं. रोज तिन्हीसांजेला महादेवाच्या देवळात दिवा लावताना तिच्या कानावर दूरवरून एक धमाका यायचा, आणि वात नीट करेपर्यंत जवळून दुसरा. डुकरं आली वाटतं, ती म्हणायची, देवा, म्हातारीचं पीक सांभाळ.

पूल ओलांडून पांदण लागली. दोन्ही बाजूंना तूर उंच झालेली. वैजयंतीनं हळूच विचारलं, "कोण हाये माय, तिकडं?"

तुळसाबाई चालता चालता सांगायला लागली. टेकाडापलीकडं मोहनसिंग राहतो. बंजाऱ्यांच्या तांड्यापासून दूर, शेतातच. बायको मेली, पोरं पुण्याकडं. तिचा राजूही संभाजीनगरला कंपनीत. पहिल्यांदा दोघांनी डुकरांसाठीच वाजवल्या. मग डुकरं थांबली, वाजवणं थांबलं नाही. एकदा तिला ताप होता, उठता आलं नाही, बंदूक वाजली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तांड्यातली हेमला नावाची बाई भाकर घेऊन दारात उभी. म्हणाली, मोहनसिंगकाकानं पाहून ये म्हटलं. तो स्वतः आला नाही.

"मंग तूच जायाचं होतं," वैजयंती म्हणाली.

"रांडमुंड बाई मी, तो एकटा माणूस. आपून म्हातारे झालो तरी लोकायचं तोंड म्हातारं होत नाही, वैजू."

आता हेमलाही नव्हती. तांडा ऊसतोडीला गेलेला, घरांना कुलपं. मोहनसिंगच्या शेतापर्यंत पोलीस पोहोचले नव्हते, त्यामुळं त्याची बंदूक त्याच्याजवळच होती. रोज सांजेला तो वाजवायचा आणि थांबायचा. पुन्हा वाजवायचा. तुळसाबाईनं परात बडवून पाहिली, कंदील वर धरून पाहिला. मधे टेकाड. परवापासून तो एकदाच वाजवून राह्यला, ती म्हणाली, मी मेली असं धरून चालला असंन.

शेताच्या बांधावर दोघी थांबल्या. सूर्य तुरीच्या शेंड्यांना टेकला होता. देवळातला दिवा लावायची वेळ झाली होती, वैजयंतीला निघायला हवं होतं. तुळसाबाईनं तिचं मनगट धरलं.

"तू जाशीन त्याच्याकडं? त्याले सांगजो, मी जिती हाये. आन वाजवू नको म्हनावं आता, पकडून नेतीन. त्या पोरीचा डोळा पाह्यला मी." मग हात न सोडता ती टेकाडाकडं वळली. "पण आज नको जाऊ. उद्या जाजो. आजचा आवाज तेवढा आयकू दे मले."